नुसतं बसायचं काम

१

पाया कशासाठी असतो, असं कुणालाही विचारा. इमारत खचू नये म्हणून, असंच उत्तर मिळेल. हे ऐकलं की धनेशला हसू यायचं. त्याच्या धंद्यात इमारत खचत नाही, उडते. कंपनीचा पत्र्याचा शेड दिसायला अवाढव्य असतो आणि वजनाला पोकळ. वैशाखात वारा सुटला की तो उघड्या बाजूने आत शिरतो आणि छपराला खालून असा रेटा देतो, की अख्खा शेड खांबांसकट उपटून निघायला बघतो. त्याला जमिनीशी धरून ठेवायचं, हे तिथे पायाचं खरं काम. तंबूच्या मेखेचं असतं तेच.

म्हणून सळई बांधायला आलेल्या प्रत्येक नव्या माणसाला धनेश पहिल्याच दिवशी धडा द्यायचा. "खालची जाळी कशासाठी? वरून भार येतो म्हणून. वरची कशासाठी? खांब वर ओढला जातो म्हणून. जिकडे ताण, तिकडे सळई. वरची जाळी कुणी खाल्ली तर मी त्याला खाईन." माणसं हसायची, पण काम नीट करायची, कारण धनेश स्वतः उन्हात उभा असायचा.

चाकणच्या पुढे, कंपन्यांच्या मागच्या अंगाला हा शेड चालला होता. धनेशचं हे स्वतःच्या नावावरचं पहिलं काम. इतकी वर्षं तो दुसऱ्याच्या साइटवर सुपरवायझर होता, मोशीच्या भाड्याच्या फ्लॅटमधून निघून कुणातरी साहेबाच्या शिव्या खायला जायचा. हा शेड सरळ उभा राहिला तर तो ठेकेदार होणार होता. नाही राहिला तर पुन्हा शिव्या.

राखणीला त्याने सोपानमामाला गावाहून आणलं. धनेशचे वडील लवकर गेले. मग याच मामाने त्याला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडलं आणि लातूरच्या आडत बाजारात पोती वाहून डिप्लोमा पूर्ण करायला लावलं. हमालीने मामाच्या मानेवर, खांद्यांच्या मधे, बटाट्याएवढा घट्टा पडला होता. लहानपणी धनेश त्याच्यावर बोट दाबून बघायचा. आता मामाच्या गुडघ्यांनी संप केला होता आणि मामी त्याला पाठवायला राजी नव्हती.

"मामी, नुसतं खुर्चीवर बसायचं काम आहे," धनेश म्हणाला होता.

"खुर्ची तरी हाय का तिथं?"

"नवी घेतो."

आणि त्याने खरंच घेतली. हातांची, निळी, प्लॅस्टिकची. दिलेला शब्द पाळणारा माणूस होता तो.

२

नऊ नंबरच्या खांबाची जागा प्लॉटच्या मागच्या कोपऱ्यात येत होती. तिथे घाणेरीच्या झुडपांत दगडांचा एक ढीग होता. बांधाचे दगड असतील, असं धनेशला वाटलं. जेसीबीने पहिला घास घेतला तेव्हा कळलं, की ती जाती होती. जाती, पाटे, वरवंटे, दोन उखळं, आणि सगळ्यांवर शिवणयंत्राचा ओतीव लोखंडाचा स्टँड. कितीतरी पिढ्यांच्या बायकांनी वापरलेल्या वस्तू कुणीतरी एकावर एक रचून ठेवल्या होत्या. हायवेवरच्या एका गार्डन हॉटेलवाल्याला शोभेला जाती हवीच होती. तो टेम्पो घेऊन आला आणि खूश होऊन सगळं घेऊन गेला.

ढिगाखाली काँक्रीट लागलं. खोलीएवढा चौरस, जाड, सपाट ठोकळा. ब्रेकर लावला तर ब्रेकरवाल्याला घाम फुटला आणि कसाबसा एक कोपरा सुटला. धनेश वाकून बघू लागला. वरच्या बाजूला अंगठ्याएवढ्या सळयांची जाळी होती, बोट शिरणार नाही इतकी दाट. खालच्या बाजूला काहीच नव्हतं.

त्याने फुटलेल्या कोपऱ्याखाली हात घालून पाहिला. मातीवर ओतलेलं काँक्रीट खालून खडबडीत असतं, मुरमाचा ठसा घेऊन सुकलेलं. हे हाताला गुळगुळीत लागलं, वर्षानुवर्षं पाय पडून झिजलेल्या उंबऱ्यासारखं. आणि किंचित कोमट. धनेशने हात काढून घेतला आणि पँटला पुसला.

त्याने बुद्धरत्नला फोन लावला. बुद्धरत्न त्याच्याबरोबर डिप्लोमाला होता, पुढे डिग्री करून आता पिंपरीत शेडची ड्रॉइंग करून देत होता. हे ड्रॉइंगही त्याचंच.

"वर जाळी आहे, खाली नाही," धनेशने सांगितलं.

"त्याच्यावर काय उभं होतं? बोल्ट दिसतायत? खांब कापल्याची खूण?"

"काही नाही. सपाट आहे."

"मग त्याला वर ओढणार कोण होतं?"

"तेच तर म्हणतोय. कुणा अडाण्याने जाळी उलटी टाकलीय."

"अडाणी माणूस सळई कमी घालतो, भावा. एवढी घालत नाही. वर ओढणारं काही नसेल तर राहिलं काय? खालून ढकलणारं." हे बोलून तो स्वतःच हसला. "ते काढून टाक. नाहीतर खांब सरकवू, मी ड्रॉइंग बदलतो. पण त्याला काही बांधू नकोस. जोर कुठून येतो ते कळल्याशिवाय मी हिशोब करत नाही."

काढायचं तर आठवडा जाणार, खांब सरकवायचा तर सगळं लोखंड पुन्हा कापायचं. आणि या पट्ट्यात एक रीत आहे. बंद पडलेल्या कंपनीचा जुना पाया सापडला की त्यात भोकं पाडायची, रासायनिक गोंद भरून बोल्ट रोवायचे आणि आपलं काम त्याच्यावर उभं करायचं. धनेशने अशी कामं दुसऱ्यांसाठी कितीदा केली होती. शेडला पाहिजे काय, तर खाली धरून ठेवणारं वजन. ते आयतंच मिळालं होतं. दोन दिवसांत बोल्ट रोवले गेले आणि नऊ नंबरचा खांब त्या ठोकळ्यावर आवळून बसला. बुद्धरत्नला त्याने कळवलं नाही.

३

खांब उभा राहिल्यावर सोजरबाई आली. प्लॉट तिच्या मुलाने शेड बांधून घेणाऱ्या कंपनीला भाड्याने दिला होता, आणि पलीकडे खोल्या काढून बांधलेल्या त्यांच्या तीनमजली घरात ती राहायची. म्हातारी काठी टेकत थेट मागच्या कोपऱ्यात गेली.

"जाती कुठं गेली?"

"दगड होते आजी. दिले एकाला."

"दगड व्हते व्हय." ती थोडा वेळ खाली बघत राहिली. "माझं जातं व्हतं त्यात. माहेरनं आल्यालं. सासूनं पयल्याच सालाला हितं ठिवाया लावलं. मंग जल्मभर दुसऱ्याच्या दारात दळाण दळलं मी."

"कशासाठी पण?"

"हितं वजन लागतंय."

"वजनच ठेवलंय की," धनेशने खांबावर थाप मारली. "हे बघा. किती टन आहे माहितीय का?"

"नवं चालत न्हाई. घरातलं लागतंय. हाताखालचं, जीव लागल्यालं." तिने वाकून एका बोल्टवर तळवा ठेवला. "आन ह्ये कशाला?"

"खांब सुटू नये म्हणून. वाऱ्याने शेड उचलला, तर हा ठोकळा त्याला खाली धरून ठेवणार."

सोजरबाईने पहिल्यांदाच त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिला त्याची कीव आली असावी, किंवा नसेलही. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे वाचणं सोपं नसतं.

"म्हंजी त्याला धराया दिलं तुमी," ती म्हणाली.

एवढं बोलून ती गेली. धनेशने मजूर पांगल्यावर मामाला तिची नक्कल करून दाखवली. मामा हसला नाही. त्या दिवसापासून सोजरबाईच्या घराच्या मागच्या खिडक्या बंद दिसू लागल्या. भर उन्हाळ्यात, एवढ्या उकाड्यात.

४

मामाला मात्र तीच जागा आवडली. खांबाची सावली पडायची आणि काँक्रीट भर दुपारीही पायांना भाजत नसे. त्याने खुर्ची उचलून तिथे नेली. चपला काढून, पाय टेकवून, तो दिवसभर बसलेला असायचा. चहाचा ग्लास पायाशी.

"धनू, खाली मशीन चालू हाय का रे?" एकदा त्याने विचारलं. "चहा थरथरायलाय."

"शेजारच्या कंपनीत प्रेस आहेत मामा. सगळी जमीन हादरते."

मामाने मान डोलावली. आपण शिकवलेला पोरगा सांगतो ते खरंच असणार, असं तो आयुष्यभर मानत आला होता. आणि प्रेस खरोखर होत्या. सकाळपासून शिफ्ट सुटेपर्यंत त्यांचा धाडधाड आवाज चालायचा. त्याची इतकी सवय होती, की तो ऐकू यायचा बंद झाला होता.

पण या भागात गुरुवारी कंपन्यांना सुट्टी असते. प्रेस बंद, शिफ्टच्या बस बंद, रस्त्यावर कुत्री निवांत आडवी. त्या गुरुवारी धनेश छपराची मापं घ्यायला एकटाच आला. मामा नेहमीच्या जागी बसला होता. आसपास इतकं शांत होतं, की दूर हायवेवरचा ट्रक गिअर बदलतानाही ऐकू यावा.

चहा थरथरत होता.

धनेश उकिडवा बसून ग्लासाकडे बघत राहिला. यंत्राची थरथर सलग असते. ही तशी नव्हती. चहावर बारीक वर्तुळं उठायची, वाढत जायची, मग एकदम थांबायची. जरा वेळाने पुन्हा. त्याने पाण्याची पाइपलाइन आठवून पाहिली, बोअरची मोटर आठवून पाहिली. गुरुवारी वीज नसते हे त्याला तिसऱ्यांदा आठवलं.

"दम खायलंय," मामा म्हणाला.

"काय?"

"जड उचलणारा माणूस कसा करतोय? जोर लावतोय, थांबतोय, दम खातोय, परत लावतोय. आमी जल्मभर तेच केलाव की." त्याने सवयीने मानेवरचा घट्टा चोळला आणि ग्लास उचलून चहा पिऊन टाकला. "तू जेवलास का?"

५

छपराचे पत्रे बसेनात. डोक्यावर पत्रे चढायला लागले की मामा गेटपाशी जाऊन बसायचा. नऊ नंबरच्या टोकाला एका बोटाची फट राहायची. धनेशने आठ आणि नऊ, दोन्ही खांबांवर एकाच उंचीला लाल रेघ मारलेली होती. त्याने पाणी भरलेली पारदर्शक नळी घेतली आणि दोन्हीकडे धरून पाहिली. हे मिस्त्री लोकांचं जुनं साधन कधी खोटं बोलत नाही. आठवर पाणी बरोबर रेघेवर होतं. नऊवर रेघ पाण्याच्या बोटभर वर होती.

काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पाया उचलते, हे धनेशला ठाऊक होतं. पण इथे मुरूम होता, आणि चार महिन्यांत पाण्याचा थेंब पडला नव्हता. उन्हाने लोखंड वाढतं म्हणावं, तर बाकीच्या खांबांवरही तेच ऊन होतं. त्याने नळीतली हवा काढून पुन्हा मोजलं. आणि नळी धरलेलीच असताना मामा, जेवायची वेळ झाली म्हणून बाहेर गेला होता तो, परत येऊन खुर्चीत बसला.

रेघ खाली आली. धनेशच्या डोळ्यांदेखत, सावकाश, येऊन पाण्याला टेकली.

"मामा, उठा बरं जरा."

मामा उठला. रेघ वर.

"बसा."

रेघ खाली.

"उठा. बसा. उठा." धनेश पीटीच्या मास्तरासारखा सांगत राहिला आणि मामा कुरकुरत्या गुडघ्यांनी उठत-बसत राहिला. "काय खेळ लावलास रे," तो म्हणाला, पण हसत होता. भाच्याने एवढं लक्ष पुष्कळ दिवसांत दिलं नव्हतं.

मग धनेशने त्या ठोकळ्यावर सिमेंटची अख्खी थप्पी लावून पाहिली. रेघ हलली नाही. सळयांचे भारे टाकले, तरी नाही. अख्खा खांब ज्याला जड नव्हता, त्याला वाळून चिपाड झालेला एक म्हातारा जड होत होता. नवं चालत नाही, घरातलं लागतं, असं कुणीतरी म्हणालं होतं. धनेशने ते डोक्यातून झटकलं आणि दुसऱ्या दिवशी मोशीच्या फ्लॅटच्या बाल्कनीतून आईचा पाटा गाडीत घालून आणला. बायकोला सांगितलं, साइटवर चटणी वाटायला हवाय.

"हा तर आक्काचा पाटा," मामा म्हणाला आणि त्याच्यावरून हात फिरवत बसला.

पाट्याने रेघ अर्धी खाली आली. धनेशला हायसं वाटलं, आणि आपल्याला हायसं वाटतंय याची लाजही वाटली. सकाळी येऊन बघतो, तर पाटा मधोमध तडकून त्याचे दोन तुकडे झाले होते. चीर खालून वर आलेली होती.

दुसऱ्या कुणी मामाला त्याच पावली गाडीत घालून घरी नेलं असतं. धनेशच्याही मनात ते आलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. त्याने गाडीची किल्लीसुद्धा खिशातून काढली. पण शनिवारी कंपनीची माणसं शेड बघायला येणार होती, आणि पत्रे बसायचे राहिले होते.

"मामा, तुम्ही आता दिवसभर इथेच बसत जा," तो म्हणाला. "डबा मी इथे आणून देतो."

त्या संध्याकाळी त्याने मामासाठी खुर्चीवर ठेवायला एक मऊ उशी घेतली.

६

मामा बसला आणि पत्रे बसले. बुधवारी छप्पर पूर्ण झालं. बाजूच्या भिंतींचे पत्रे तेवढे राहिले होते. गुरुवारी मजुरांना सुट्टी देऊन धनेश एकटाच आला. दुपारनंतर आभाळ पिवळं पडलं, धूळ उठली आणि वळवाचा वारा उघड्या बाजूंनी शेडमध्ये शिरला.

छप्पर फुगलं. सगळे खांब एकदम कुरकुरले, ते ठीकच होतं, ते कुरकुरणारच होते. त्यांच्या पायांत धनेशने वरची जाळी स्वतः उभं राहून बांधून घेतली होती. नऊ नंबरचा खांब मात्र कुरकुरला नाही. तो वर निघाला.

धनेशला तेव्हा कळलं आपण काय करून बसलोय ते. वाऱ्याच्या हातात त्याने छप्पर दिलं होतं, छपराच्या हातात खांब, आणि खांबाच्या हातात तो ठोकळा. आता वरून वारा ओढत होता आणि खालून जे काय होतं ते ढकलत होतं. दोघांची गाठ त्याने स्वतः, गोंद भरून, घालून दिली होती. दोघांच्या मधे निळ्या खुर्चीत मामा बसला होता.

"धनू," मामाने हाक मारली. "हलायलंय रे. उठू का?"

मामा उठला असता तर शेड गेला असता. धनेशच्या डोळ्यांपुढे आडवा पडलेला सांगाडा आला, वाकलेलं लोखंड आलं, आणि कुणातरी साहेबाचा आवाज आला.

"नको मामा. बसा. मी हायड्रा क्रेन घेऊन येतो, वजन टाकायला. आलोच."

क्रेनने काही होणार नव्हतं. सिमेंटच्या थप्पीने झालं नव्हतं, हे त्याला माहीत होतं. त्याला माहीत होतं, आणि तो गेटकडे पळाला.

गेटपाशी त्याने मागे वळून पाहिलं. ठोकळ्याची डावी कड जमिनीपासून वीतभर सुटली होती. खुर्ची कलली होती आणि मामाने तिचे दोन्ही हात घट्ट धरले होते. मग डावी कड खाली बसली आणि उजवी वर आली, सावकाश, जपून, ओझं न सांडता. पोतं पाठीवर असताना हमाल खांदा बदलतो, तसं. मामानेही ते ओळखलं असणार. कारण वाऱ्यातूनही धनेशला त्याचा आवाज ऐकू आला. बाजारात जोडीदाराला सांगतात त्या सवयीच्या, खालच्या सुरात तो म्हणत होता, "सावकाश. सावकाश."

वर आलेल्या कडेखाली फट पडली होती. तिथे नुसता अंधार असायला हवा होता. धनेशला कातडी दिसली. जाड, राठ, चमक आलेली, ओझं वाहून वाहून घट्टा पडलेली. लहानपणी ज्याच्यावर त्याने बोट दाबून पाहिलं होतं तसाच घट्टा, पण फटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

धनेश बाहेर पडला. गेटची कडी त्याने बाहेरून घातली. सवयीने घातली, असं त्याने नंतर स्वतःला पुष्कळदा सांगितलं.

हायवेच्या कडेला एका बंद टपरीच्या आडोशाला तो गाडीत बसून राहिला. पाऊस आलाच नाही, वारा तेवढा घोंगावून गेला. मग फोन वाजला.

"धनू, वारा पडला बघ," मामा म्हणाला. आवाज जरा लांबून आल्यासारखा होता. "आता उठू का? पाय बधिर झालेत. खाली वलं वलं लागायलंय."

उठा, एवढं एकच म्हणायचं होतं. धनेशने समोर पाहिलं. इथून शेडचं छप्पर दिसत होतं. सरळ, नवंकोरं, उन्हात चमकणारं.

"बसा मामा. येतोच मी."

"बरं," मामा म्हणाला.

७

दिवस कलताना तो परत गेला. ठोकळा जमिनीत नीट बसला होता. खुर्ची जागेवर होती, उशीत बसल्याचा खळगा अजून तसाच होता, आणि शेजारी मामाच्या चपला जोडीने ठेवलेल्या होत्या. धनेशने आधी नळी लावली. नऊवरची लाल रेघ पाण्याला तंतोतंत टेकली होती.

मामाला त्याने फोन केला नाही. केला असता तर तो कुठे वाजतो हे ऐकावं लागलं असतं, आणि गुरुवार होता, सगळीकडे शांत होतं.

पण मामीचा फोन आला. "धनू, तुझे मामा फोन उचलंनात रे. मघापून चारदा लावला. वाजायलाय नुसता."

"परत लावून बघा मामी," धनेश म्हणाला. दुसरं काही सुचलं नाही म्हणून म्हणाला.

तिने फोन ठेवला. धनेश त्या काँक्रीटवरच उभा होता. थोड्या वेळाने त्याच्या बुटांतल्या तळव्यांना बारीक गुदगुल्या झाल्या. थांबल्या, पुन्हा झाल्या, थांबल्या. मग तो बाजूला झाला.

शनिवारी कंपनीची माणसं येऊन गेली. त्यांच्यातल्या एकाने सगळे खांब तपासले आणि नऊ नंबर सर्वांत सरळ आहे, असं मुद्दाम सांगितलं. धनेशने पोलिसांत मामा हरवल्याची तक्रार दिली, बसस्टँडवर फोटो लावले, मामीला आणायला गेला तेव्हा तिच्या गळ्यात पडून रडला. ते रडणं खोटं नव्हतं. मामी गावीच राहिली, माणूस परत आला तर घर उघडं पाहिजे म्हणून.

शेडमध्ये कंपनीचा माल आला. धनेशला पुढची दोन कामं मिळाली, एक तळेगावला. तिथे सळई बांधणाऱ्यांना तो तोच धडा देऊ लागला. जिकडे ताण, तिकडे सळई. दिवाळी झाली आणि कंपनीच्या माणसाचा फोन आला. मागच्या कोपऱ्यात छपराला फट दिसतेय, जरा बघून जा.

धनेश गुरुवारी गेला. त्याने नळी लावली. रेघ पाण्याच्या केसभर वर होती.

नळी हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. घरातलं लागतं. घरात बायको होती. पहिलीत जाणारी मुलगी होती. त्यांचा विचार त्याच्या मनात आला नाही, असं म्हणता येणार नाही. तो आला, आणि धनेशने तो ओळखला, आणि मग त्याने खिशातून फोन काढला.

"मामी, तिकडे एकट्या किती दिवस राहणार? इकडे या. मामांचा पत्ता लागला तर इथेच लागेल. मी येतो न्यायला."

"मी येऊन काय करू बाबा? मला काय काम जमतंय आता?"

"काम काही नाही. नुसतं बसायचं."

मामीने नाक ओढल्याचा आवाज आला. तेवढी मायेने केलेली चौकशी तिला पुष्कळ झाली होती.

"खुर्ची हाय का रे तिथं?" तिने विचारलं. "खाली बसलं की उठवत न्हाई मला."

"आहे की," धनेश म्हणाला. "मामांचीच आहे."